शकुबाईचे आठ थेंब

शकुबाई दमलेली नाही, असा एकही दिवस मला आठवत नाही. एकाहत्तर साली मी नर्स म्हणून गंगापूर रोडवरच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा ती पायरीवर बसून स्वतःचेच तळपाय दाबत होती. मी नव्या नोकरीच्या तोऱ्यात. म्हटलं, "बाई, वाटेतून उठा." ती उठली, तीही गुडघ्यावर हात टेकून, आणि म्हणाली, "शिष्टर, चार दिस जाऊ द्या. तुमीबी हितंच बसाल." चार दिवस नाही, सहा महिने लागले. मग आम्ही दोघी त्याच पायरीवर बसून चहा पिऊ लागलो.

ती सुईण होती. सरकारी कागदावर 'प्रशिक्षित दाई'. सरकारनं महिनाभर शिकवून तिला एक पत्र्याची पेटी दिली होती. तीत कात्री, दोरा, साबण आणि नखं घासायचा ब्रश. त्याआधी पंचवीस वर्षं ती हेच काम पेटीशिवाय करत होती, हे सरकारला कुणी सांगितलं नसावं. राहायची बौद्ध वस्तीत, सून आणि मुलाबरोबर. नवरा कधीच गेलेला. बोलावणं आलं की पेटी काखेत मारायची आणि चालू लागायची. तेव्हाचा गंगापूर रोड म्हणजे दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आणि अधूनमधून नवी बैठी घरं. कुणी सायकलवर डबलसीट नेलं तर नेलं, नाहीतर पायीच. परत येताना तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला असायचा आणि ती एका चपलेवर लंगडत यायची.

महिने मोजायची तिची एक रीत होती. बाईला तारीख विचारली की ती गोंधळते. सण विचारला की पटकन सांगते. म्हणून शकुबाई विचारायची, "शेवटची बाहेर कवा बसलीस? पोळ्याला का घटाला?" बाई म्हणायची, "घट उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी." की शकुबाईचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकायचा आणि ती बाळंतपणाचा सण सांगायची. मी कॅलेंडर घेऊन बसायचे आणि माझं उत्तर तिच्यापेक्षा आठ दिवसांनी चुकायचं. गंमत म्हणजे तिच्या घरातले देव छप्पन सालीच गोदावरीत सोडलेले. सण ती पाळत नव्हती, पण बारा महिन्यांचे सगळे तिला पाठ. मी एकदा चिडवलं, तर म्हणाली, "देव सोडले शिष्टर, बायकांचे महिने कुठं सोडले?"

सांगायचं आहे ते कोंडाजी मास्तरांच्या घरचं.

कोंडाजी मास्तर शाळेत ड्रिल शिकवायचे. निवृत्त झाले आणि योगाच्या मागे लागले. मागे लागले म्हणजे साधेसुधे नाही. पहाटे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन भस्त्रिका प्राणायाम, घरी येऊन ओसरीत तासभर शीर्षासन. पोस्टमन पत्र घेऊन आला तर मास्तरांच्या पायांना नमस्कार करावा की डोक्याला, हे त्याला कळायचं नाही. उलटं उभं का राहायचं, तर टाळूच्या वर बिंदू असतो, तो थेंबाथेंबानं खाली पाझरतो आणि नाभीतल्या आगीत जळून जातो. माणूस म्हातारा होतो तो त्यानं. उलटं राहिलं की थेंब जागच्या जागी. आणि सगळ्यांवर ताण म्हणजे ओज. अन्नाचं रक्त होतं, रक्ताचं मांस, असं करत करत शेवटी सगळ्या देहाचा अर्क निघतो, मधमाश्यांनी फुलाफुलातून मध आणावा तसा. त्या अर्काचे आठ थेंब हृदयात असतात. आठच. ते आहेत तोवर माणूस आहे. हे मास्तर इतक्या गोडीनं सांगायचे, की ऐकताना मीसुद्धा नकळत छातीवर हात ठेवायचे. वाईट माणूस नव्हता तो. आपल्या आठ थेंबांवर त्यांचा जीव होता, एवढंच.

याच शास्त्रात आणखी एक कलम होतं. गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात ओज एका जागी थांबत नाही. कधी आईकडे, कधी पोटातल्या पोराकडे, असं ये-जा करतं. त्या महिन्यात बाळंतपण झालं की ओज ज्याच्याकडे असेल ते जगतं, दुसरं जातं. सातव्याचं जगेल, नवव्याचं जगेल, आठव्याचं नाही. आणि हे एकट्या मास्तरांचं खूळ नव्हतं. आमच्या दवाखान्यात येणारी दर दुसरी सासू हेच म्हणायची. मास्तरांकडे त्याला संस्कृत श्लोक होता, बाकीच्यांकडे नुसती भीती.

मास्तरांचा मुलगा झुंबर तारखात्यात लाइनमन होता. त्र्याहत्तरच्या तुळशीच्या लग्नानंतर त्याला ट्रेनिंगला जबलपूरला धाडलं, तो संक्रांतीला परत आला. त्याची बायको कुसा, माहेर विंचूरचं. उन्हाळ्यात ती दवाखान्यात नाव घालायला आली. शकुबाईनं विचारलं, "शेवटची बाहेर कवा?" कुसा म्हणाली, "दिवाळीत. फराळाला हात लावता आला नाही." शकुबाईनं पेरं मोजली आणि म्हणाली, "नागपंचमी." मी रजिस्टरात दिवाळी तेवढी लिहिली.

कुसाच्या पोटात कळा आल्या त्या वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. रेल्वेचा संप नुकताच मिटलेला, पाऊस आलेला नव्हता, उकाड्यानं जीव नकोसा झालेला. आदल्या दिवशी तिनं कडक उपास करून उन्हातून वडापर्यंत चालत जाऊन फेऱ्या घातल्या होत्या. दुपारी बारा वाजता बोलावणं आलं. शकुबाईनं मलाही बरोबर घेतलं, "वेळेआधी हाय, तुमीबी चला." आम्ही पोचलो आणि तासाभरात मुलगी झाली. चार पौंडांहूनही कमी. निळी पडलेली, आवाज नाही. शकुबाईनं तिला पालथं धरलं, पाठ चोळली, बोटानं घसा साफ केला. काही नाही. मग तिनं आपलं तोंड त्या चिमुकल्या तोंडानाकावर ठेवलं आणि हलकी हलकी फुंकर घातली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी मनात आकडे म्हणत होते आणि विसरत होते. शेवटी मांजरीच्या पिल्लासारखा आवाज आला.

मी म्हटलं, "हिला ताबडतोब सिव्हिलला नेलं पाहिजे. कापसात ठेवतील, नळीनं दूध देतील."

कुसाची सासू बायडाबाई कोपऱ्यात उभी होती. तिनं पोरीकडे पाहिलंही नाही. "आठव्याची हाय," ती म्हणाली, "त्यात पोरगी. कशाला त्या लेकराचे हाल? सुपात घालून ठेवा, देवाला न्यायची असंल तर नेईल." हे ती दुष्टपणानं म्हणाली नाही, हेच जास्त वाईट होतं. तिची स्वतःची दोन आठव्याची गेलेली होती.

दाराबाहेरून मास्तरांचा आवाज आला, "शकू, कितवा महिना?"

सगळ्यांना ठाऊक होतं कितवा. पण मास्तरांनी विचारलं ते सुइणीला, आणि महिन्यांच्या बाबतीत शकुबाईचा शब्द त्या भागात शेवटचा होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती कुसाकडे पाहत होती. कुसाचे डोळे पोरीवर होते.

"सातवा, मास्तर," शकुबाई म्हणाली. "दिवाळीत जे झालं ते खरं न्हवतं. उपासापाण्यानं नुसतं दिसलं. खरी पाळी त्याच्या म्हयन्यानं आली, दिस मागनं राहिले. पोरीची नखं बगा, सातव्याचीच हायेत."

नखं कोण बघतंय! मास्तर म्हणाले, "सातवा? मग ओज पक्कं आहे. झुंबर, टांगा आण." टांगा आला. कुसा पोरीसकट पंधरा दिवस सिव्हिलमध्ये राहिली. मास्तर रोज सकाळी दूध घेऊन तिथे उभे. मी त्यांना दोष कसा देऊ? एका आकड्यावर त्यांनी पोरीला मरू दिलं असतं आणि एका आकड्यावर तिच्यासाठी जिवाचं रान केलं.

दुसऱ्या दिवशी शकुबाई पायरीवर माझ्याजवळ बसली. "शिष्टर, पुस्तकात काय लिव्हलंय?"

"आठ."

"सात करा. मास्तर बगायला येनार."

येणारच होते. मास्तर कागद पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नसत, ते आठ थेंब सोडले तर. मी ब्लेडनं बाळंतपणाच्या नोंदीतला ८ खरवडला आणि त्यावर ७ लिहिला. दिवाळीचं 'देवदिवाळी' केलं, म्हणजे महिना पुढचा. तिसऱ्या दिवशी मास्तर आले, चष्मा पुसून त्यांनी रजिस्टर पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. पोरीचं नाव त्यांनी ओजस्विनी ठेवलं. पाळण्यापेक्षा नाव लांब. घरात सगळे ओजी म्हणायचे.

आता चूक कुठे झाली ते सांगते. बाईला दहा गोष्टी विचारणारी शकुबाई एक गोष्ट विचारायची विसरली. दिवस कधी राहिले ते तिनं आयुष्यभर विचारलं, पण त्या दिवसांत नवरा कुठे होता, हे विचारायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती. मलाही सुचलं नाही. कुसाला सुचलं असेल तर ती त्या दुपारी पोरीकडे बघत गप्प राहिली.

अडीच वर्षं कुणालाच सुचलं नाही. सत्याहत्तरच्या संक्रांतीला बायडाबाई तिळाचे लाडू वळत होती. शेजारणीला सांगत होती, की झुंबर जबलपूरहून असाच संक्रांतीला आला होता, ओजी त्याच वर्षीची. शेजारीण म्हणाली, "म्हंजे दिवाळीचं?" "छे, सातव्याची ना ती, दत्तजयंतीच्या सुमाराचं," बायडाबाई म्हणाली, आणि लाडू तिच्या हातातच राहिला. शकुबाईची पेरं मोजायची रीत त्या भागातल्या सगळ्या बायकांनी उचलली होती. बायडाबाईनं पेरं मोजली. एकदा मोजली, दोनदा मोजली. दत्तजयंतीला झुंबर जबलपूरला खांबावर चढत होता.

घरात कुणी आरडाओरडा केला नाही. मास्तरांच्या घरी ओज खर्च होईल असं काही करायची पद्धतच नव्हती. कुसाला पोरीसकट विंचूरला नेऊन सोडलं आणि 'तब्येतीला बरं वाटेपर्यंत राहू द्या' असं सांगितलं. कुसानं नवऱ्याला सांगून पाहिलं, की महिना आठवाच होता. झुंबर आईकडे बघत राहिला. फेब्रुवारीत कुसाचा भाऊ दवाखान्यात आला. शकुबाईला म्हणाला, "मावशी, बहीण जेवत नाही. लोक काय काय बोलतात. खरं काय ते तुम्हालाच माहीत."

त्या दिवशी शकुबाईनं चहा घेतला नाही. "चला शिष्टर," म्हणाली, "मास्तरांकडं जाऊ. मी बोलल्ये, मीच निस्तरते. तुमी फकस्त पुस्तकाचं सांगा."

आम्ही गेलो. मास्तर ओसरीत बसले होते, सरळ, डोकं वर. बायडाबाई दारात. झुंबर भिंतीला टेकून. शकुबाईनं सगळं सांगितलं. आठवाच होता, पोर टाकून दिली असती म्हणून सात म्हटलं, दिवाळीत पाळी आली ती खरी, पोर झुंबरचीच.

मास्तर शांतपणे म्हणाले, "शकू, सुनेवर तुझी माया आहे, म्हणून तू हे बोलतेस. पण आठवा असता तर दोघांतलं एक गेलं असतं. दोघी जिवंत आहेत. याहून पुरावा कशाला?"

पोर जगली, हाच तिच्या आईविरुद्धचा पुरावा ठरला. मला हसू आलं.

"आणि रजिस्टर मी या डोळ्यांनी पाहिलंय," मास्तर म्हणाले. "सात लिहिलेलं आहे. का हो सिस्टर?"

मी आले होते याच प्रश्नाचं उत्तर द्यायला. वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण माझी नोकरी कायम झाल्याचा कागद अजून यायचा होता. नवरा आजारी, घरात मी एकटी मिळवती. सरकारी रजिस्टरात खाडाखोड म्हणजे काय, हे मला पाठ होतं. मी खाली फरशीकडे पाहिलं. शहाबादी फरशी होती, मधली एक फुटलेली. "सातच आहे," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. सातच होतं.

शकुबाईनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागानं नाही. बाळंतीण घाबरली की तिच्याकडे पाहायची, तसं. मग ती मास्तरांकडे वळली.

"मास्तर, दोघीत एकच जीव पुरतो म्हंता ना तुमी?"

"शास्त्र म्हणतं."

"मग तिसऱ्या कुनी दिला आसंल तर?"

मास्तरांनी मान वर केली.

"पोर रडत न्हवती. मी तोंडाला तोंड लावून फुकलं. बायडाबाईनं बगितलंय, शिष्टरनं बगितलंय. आईचं आईकडं ऱ्हायलं. पोरीला गेलं ते माजं गेलं." ती हळूहळू बोलत होती, प्रत्येक शब्द ओझ्यासारखा उचलून. "त्या दिसापास्नं माज्यात राम नाय मास्तर. कुनाला सांगितलं नाय."

मास्तर पुढे सरकून बसले. मग डॉक्टरसारखं विचारू लागले. "तोंडाला कोरड पडते?"

"पडती."

"कारण नसताना भीती वाटते? मनाला घोर लागतो?"

"लागतो."

"हातापायांत बळ नाही? कांती गेली?"

"बगा की माज्याकडं."

सगळं खरं होतं. पन्नाशी उलटलेली, उन्हातान्हात हजार बाळंतपणं केलेली, एक वेळ जेवणारी बाई. तिला ओज गेल्याची सगळी लक्षणं होती. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या बायकांना होती. पण मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी शकुबाईकडे पाहिलं आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच तिला 'तुम्ही' म्हणाले, "शकुबाई, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?" झुंबरला म्हणाले, "रजिस्टरात शकुबाईंनी सांगितलं तेच उतरलं होतं. सकाळच्या गाडीनं विंचूरला जा. कुसाला घेऊन ये." बायडाबाई दारातून आत गेली आणि तिचं मुसमुसणं बाहेर ऐकू आलं.

परत येताना शकुबाई माझ्याबरोबर पायीच निघाली. वस्तीच्या वळणावर थांबली. म्हणाली, "छप्पन साली आमच्या बापानं देव गंगेत सोडले. मी सोबत व्हते. आज त्यांच्या ओटीवर हुबी ऱ्हाऊन मी त्यांचे आठ थेंब मोजून आल्ये. पोराला कळलं तर तोंड बगनार नाय माजं." मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या शिष्टर. पोरीचं घर ऱ्हायलं."

कुसा परत आली. मास्तरांनी मोठ्या अभिमानानं शकुबाईच्या त्यागाची गोष्ट चार ठिकाणी सांगितली, आणि तिथेच शकुबाईचं काम संपलं. बायका आपसांत म्हणू लागल्या, की जिच्यातलं ओज गेलं तिच्या हातात पोर कशी द्यायची? दुसरी म्हणायची, एकीला तिनं दिलं, आमच्या पोराचं काढून घेतलं तर? बोलावणी कमी झाली आणि दोन वर्षांत थांबली. पत्र्याच्या पेटीत सुनेनं बांगड्या ठेवल्या. शकुबाई घरी बसून विड्या वळू लागली. मुलगा वर्षभर तिच्याशी बोलला नाही. तो एका संघटनेत होता, देवाधर्माविरुद्ध भाषणं करायचा, आणि त्याच्या आईच्या ओजाची कथा गंगापूर रोडवर पोथीसारखी सांगितली जात होती. माझ्या कायमपणाचा कागद सत्याहत्तरच्या जूनमध्ये आला. मी पेढे वाटले. तिच्याही घरी दिले. तिनं खाल्ला.

मास्तर मात्र शब्दाला जागले. ओज भरून काढायला दूध आणि तूप. दर गुरुवारी सकाळी ते हातात बरणी घेऊन स्वतः वस्तीत यायचे. दारात चप्पल काढायचे, दूध द्यायचे, नाडी बघायचे, मान हलवायचे आणि जायचे. शकुबाईला दूध पचत नसे. ती ते शेजारच्या पोरांना द्यायची. असं सात वर्षं चाललं. आठवड्यातून एकदा नाडी दाखवून घ्यायची, हीसुद्धा तिला एक हजेरीच झाली होती.

चौऱ्याऐंशीत मास्तरांचे गुडघे गेले. शीर्षासन केव्हाच सुटलं होतं, आता चालणंही. त्या गुरुवारी मी शकुबाईला बघायला गेले होते. अंगावर सूज आलेली, रक्त उरलेलं नाही, गोळ्या मी आणून द्यायचे, ती घ्यायची किंवा नाही. दारात दहा वर्षांची ओजी उभी राहिली, शाळेच्या कपड्यांत, हातात बरणी. चेहरा हुबेहूब झुंबरचा. तेच पुढे आलेले दात, उजव्या भुवईत तोच भोवरा. असा चेहरा असता तर तेव्हा कशाचीच गरज पडली नसती, पण अडीच वर्षांच्या पोरीचा चेहरा कुणासारखाही दिसतो.

बरणी ठेवून ती गेली नाही. शकुबाईच्या खाटेजवळ आली आणि म्हणाली, "आजी, जरा तोंड उघडा."

"का गं?"

"मी हळू फुंकणार आहे. आजोबा म्हणतात, तुमचं माझ्यात आलं म्हणून तुम्ही अशा झालात. मी आता मोठी झाले. अर्धं परत घ्या. मी सकाळपासून श्वास साठवलाय."

आणि तिनं खरोखरच गाल फुगवले.

शकुबाई उठून बसली. तिला उठायला किती त्रास होतो ते मला ठाऊक होतं. तिनं पोरीला जवळ घेऊन फुगलेल्या गालांवर दोन बोटं टेकवली, तशी हवा निघून गेली.

"ऐक," ती म्हणाली. "माजं कायबी तुज्याकडं नाय. येक थेंब नाय. ती मी थाप मारली व्हती."

"थाप?"

"तू जन्मली ती आठव्यात. तू तुजी जगलीस. मी नुसता वारा घातला, चुलीला घालत्यात तसा. इस्तू तुजाच व्हता. आन मी दमल्ये ती चालून चालून. चाळीस वरसं चालल्ये मी, माय. तुज्यामुळं नाय."

ओजीला ते पटायला वेळ लागला. जन्मापासून आपण कुणाचं तरी घेऊन बसलोय असं वाटणाऱ्या पोरीला ते एका वाक्यात कसं पटावं? तिनं विचारलं, "मग आजोबांना खरं का नाही सांगितलं?"

"सांगितलं व्हतं. त्यांना पटलं नाय."

"पण दवाखान्यात लिहिलेलं असतं ना सगळं? आमच्या शाळेत तर जन्मतारीखसुद्धा लिहिलेली असते. ते दाखवायचं."

शकुबाई उशी नीट करू लागली. सात वर्षांपूर्वी ओसरीत तिनं मला जसं झाकलं होतं, तसंच आताही झाकत होती, आणि मी पुन्हा खाली पाहत होते. इथे शेणानं सारवलेली जमीन होती.

"लिहिलेलं होतं," मी म्हणाले. "मीच लिहिलं होतं, आठ. मग मीच खोडलं. आणि तुझ्या आजोबांनी विचारलं तेव्हा मी घाबरले आणि बोलले नाही. म्हणून हिला थाप मारावी लागली. हिचं काम गेलं ते तुझ्यामुळे नाही, ओजी. माझ्यामुळे गेलं."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मग शकुबाईकडे. शकुबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो शिष्टर आता," आणि परत आडवी झाली.

मी ओजीबरोबर मास्तरांच्या घरी गेले. वाटभर ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. मास्तर ओसरीत खुर्चीवर होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ब्लेडपासून. कुसा दाराआड येऊन ऐकत होती. मास्तरांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "आठवा होता? आणि दोघी जगल्या? कुणाचंच काही न जाता?"

"हो मास्तर."

त्यांचा हात आपोआप छातीवर गेला आणि तिथेच राहिला. ऐंशीला आलेला माणूस. वीस वर्षं त्यांनी ते आठ थेंब सांभाळले होते. मला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढतील. काढायलाच हवं होतं.

पुढच्या गुरुवारी मी शकुबाईकडे गेले तेव्हा दारात टांगा उभा होता. मास्तरांना झुंबरनं उचलून आत आणून बसवलं होतं, आणि कुसा शकुबाईचे तळपाय मांडीवर घेऊन तेल चोळत होती. मास्तरांच्या हातात बरणी नव्हती. त्यांनी नाडीही पाहिली नाही. "शकुबाई," ते म्हणाले, "दूध तुम्हाला सोसत नाही, असं ओजी म्हणते. मग सात वर्षं बोलला का नाहीत?"

शकुबाई डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "तुमी येवड्या लांबनं चालत यायचा, मास्तर. चालनाऱ्याला परत कसं धाडायचं?"